चिलटाच्या वाटेने माणसाच्या नाकाकडे

बऱ्हाणपूरच्या केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरमध्ये रोज राबणाऱ्या माणसाला ‘इथे वास कसला येतो?’ असं विचारावं, तर तो आधी तुमच्याकडेच जरा विचित्र नजरेने बघतो. बाहेरून आलेल्याला मात्र दार उघडताच तो वास गाठतो: गोड, दाट, कडेला किंचित आंबूस. कामगाराच्या नाकात काही बिघाड नसतो. फोडणीतला हिंग त्याला कळतो, जळकी वायर कळते. कुणी चोरून कार्बाइड वापरलं असेल तर त्याचा लसणीसारखा दर्प तर त्यालाच आधी कळतो. फक्त रोजच्या केळीचा वास त्याच्या मेंदूने हिशेबातून वगळलेला असतो.

या रोजच्या अनुभवात दोन अवघड प्रश्न दडलेले आहेत. हवेतून तरंगत आलेला एक रेणू ‘केळं’ म्हणून ओळखला कसा जातो? आणि ओळख पक्की झाली की तो वास जातो कुठे? या दोन्ही प्रश्नांवर भारतात जे पायाभूत काम झालं, त्यात एका गोमंतकीय घरातल्या मुलीचं नाव फार वर आहे. तिने काम केलं ते मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठी, आणि केळीच्या वखारीत ज्याला आपण हाताने हाकलून लावतो त्या चिलटावर. व्हेरोनिका रॉड्रिग्ज हे तिचं नाव. माणसाच्या नाकाचं विज्ञान समजून घ्यायचं तर वाट या चिलटावरूनच जाते, आणि ती बऱ्हाणपुरातून सुरू केली तरी चालते.

वासांचं गाव

तापीच्या काठावरचं हे शहर मध्य प्रदेशात असलं तरी रावेरची हद्द इथून जवळच. बाजारात हिंदी, निमाडी, उर्दू आणि खानदेशी वळणाची मराठी एकाच वाक्यात भेटतात. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्याच्या नावावर केळी आहे. घड भरलेल्या गाड्या, केळीच्या पाल्याचा ओला वास, मावा जलेबीच्या कढईतून येणारा तुपाचा आणि भाजक्या खव्याचा वास, यंत्रमागांच्या गल्लीतला खळीचा वास, असा इथला एकेक मोहल्ला डोळे मिटूनही ओळखता येतो.

या गावाला वासांचा राजेशाही इतिहासही आहे. १६०१ साली अकबराने इथून जवळचा असीरगड घेतला. त्या मोहिमेत अबुल फजल होता. त्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त सुगंधी द्रव्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात अंबर, कस्तुरी, चंदन, ऊद यांचे भावसुद्धा नोंदवलेले आहेत. पुढे शाहजहानच्या काळात इथल्या किल्ल्यात शाही हमाम उभा राहिला. छतावरची रंगीत नक्षी अजून शाबूत आहे. मुमताज महल १६३१ साली इथेच वारली आणि तिला आधी तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत पुरलं होतं. हमाम दाखवणारे वाटाडे गुलाबपाण्याच्या आणि अत्तराच्या कथा रंगवून सांगतात. कथांचं राहू दे, पण मोगल दरबाराने वासाची दखल घेतली, त्याचा खर्च मांडला, हे मात्र कागदोपत्री आहे. विज्ञानाने तेवढी दखल घ्यायला आणखी बराच काळ लावला.

एकच रेणू, नाकं अनेक

हिरवी केळी चेंबरमध्ये आत जाते तेव्हा तिला सांगण्यासारखा वास नसतो. सोळा-अठरा अंश तापमानात इथिलीन वायूची थोडी मात्रा मिळाली की फळाचं स्वतःचं पिकणं सुरू होतं. पिष्टाची साखर होते, साल पिवळी पडत जाते, आणि गरात एस्टर नावाच्या संयुगांचं कुटुंब तयार होऊ लागतं. त्यातला घरचा कर्ता म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट. मिठाईवाल्याकडच्या ‘बनाना इसेन्स’च्या बाटलीत मुख्यतः हाच असतो. नेलपॉलिशची बाटली उघडल्यावर जो वास येतो, तो याच्या जवळच्या भावंडांचा.

गंमत अशी की या एका रेणूचा अर्थ प्रत्येक नाकाला वेगळा लागतो. आपल्याला तो खाऊ वाटतो. मधमाशीला तो धोक्याची घंटा वाटतो, कारण नांगी मारताना मधमाशी जे रसायन सोडून बाकीच्या माश्यांना बोलावते, त्यातला प्रमुख घटक हाच आहे. ही ओळख १९६२ साली पटली. केळं खाऊन पोळ्याजवळ जाऊ नये, असं मधमाशीपालक सांगतात त्याला हा आधार आहे. आणि चिलटाला तो जेवणाचा पत्ता वाटतो. आंबू लागलेल्या फळावर यीस्ट वाढतं, यीस्ट हे चिलटाचं अन्न, आणि त्याच्या अळ्यांचं तर घरच.

हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी ते दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाळलं, आणि खायला घातली ती केळी. त्या प्रसिद्ध ‘माशी-खोली’त पिकलेल्या केळीचा वास कायम भरून असे. आनुवंशिकतेचं आधुनिक शास्त्र त्या वासात जन्मलं. मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल मिळालं.

नैरोबी, कंपाला, डब्लिन, कुलाबा

व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म १९५३ साली केनियातला. आईवडील गोव्याचे. पूर्व आफ्रिकेत रेल्वे, बँका, सरकारी कचेऱ्या आणि शाळांतून नोकऱ्या करणाऱ्या गोवेकरांचा तेव्हा मोठा समाज होता. शाळा नैरोबीत झाली. पुढच्या शिक्षणासाठी त्या युगांडात, कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात गेल्या. पण तो इदी अमीनचा काळ होता. १९७१ साली त्याने सत्ता बळकावली आणि पुढच्याच वर्षी आशियाई वंशाच्या लोकांना देशाबाहेर काढलं. रॉड्रिग्ज यांचं शिक्षण अर्धवट राहिलं. मग शिष्यवृत्तीवर त्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचल्या आणि १९७६ साली सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी घेतली.

यापुढची सरळ वाट इंग्लंड-अमेरिकेची होती. त्या आल्या मुंबईला. ओबैद सिद्दिकी यांचं संशोधन त्यांनी वाचलं होतं, आणि त्यांच्याच हाताखाली काम करायचं ठरवलं होतं. होमी भाभांच्या निमंत्रणावरून सिद्दिकींनी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेण्वीय जीवशास्त्राचा गट सुरू केला होता. भौतिकी आणि गणिताचा दबदबा असलेल्या त्या संस्थेत हा जीवशास्त्राचा पहिला पाय. सिद्दिकींचं नाव जिवाणूंच्या जनुकशास्त्रात झालं होतं. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते कॅलिफोर्नियात सिमोर बेंझर यांच्याकडे गेले आणि चिलटांच्या नादाला लागले. तापमान वाढलं की लुळी पडणारी आणि थंडाव्यात पुन्हा उठून चालणारी चिलटं या दोघांनी शोधली. त्यातून एक विचार पक्का झाला: एखादं जनुक बिघडवायचं, वागण्यात काय बिघडतं ते पाहायचं, आणि त्यावरून मज्जासंस्थेचा नकाशा मागे मागे उलगडत न्यायचा.

हा विचार वासाला लावायचं काम रॉड्रिग्ज यांच्याकडे आलं. जिवाणूंचं शिक्षण घेतलेली चोविशीतली मुलगी वासाकडे वळली ती अशी. तिला लहानपणापासून अत्तराचं वेड होतं, अशी काही कथा यात नाही. एक चांगला प्रश्न, तो विचारणारा गुरू आणि स्वस्तात वाढणारा एक किडा, एवढ्यावर तिची दिशा ठरली.

वास मोजायचा कसा

रंगाला तरंगलांबी आहे, आवाजाला कंपनसंख्या आहे. वासाला अशी पट्टी नाही. म्हणून वासाच्या संशोधकाची अर्धी हयात मोजण्याची रीत बसवण्यात जाते. टीआयएफआरमधली रीत बघा. काचेच्या उथळ बशीत अगारचा थर. एका टोकाला वासाचा थेंब टाकलेली फिल्टर पेपरची चकती, समोरच्या टोकाला कोरी चकती. मधोमध चिलटाच्या अळ्या सोडायच्या. काही मिनिटांनी कुठल्या बाजूला किती पोहोचल्या ते मोजायचं आणि त्याचा एक आकडा काढायचा. मोठ्या चिलटांसाठी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची नळी. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. चिलट चालत येतं, फाट्यावर ठरवतं आणि आपल्या मताची नोंद करतं.

मग जनुकात बदल घडवणारं रसायन साखरेच्या पाण्यातून नर चिलटांना पाजायचं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतून ‘चुकीच्या’ फाट्यात जाणारी वेचायची. हजारो चिलटं, शेकडो बाटल्या, आणि बहुतेक दिवस हाती काही न लागता मावळणारे. त्यातून जी वासाची बिघडलेली चिलटं मिळाली, त्यांनी एक मोलाची गोष्ट दाखवली. काहींना एका कुळातल्या रसायनाचा वास येत नसे, पण दुसऱ्या कुळातल्याचा व्यवस्थित येई. म्हणजे वास घेण्याची एकच सरसकट यंत्रणा नसून निरनिराळ्या वासांसाठी निरनिराळ्या वाटा असाव्यात, आणि त्या वाटांच्या चाव्या निरनिराळ्या जनुकांत असाव्यात. रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांचा यावरचा शोधनिबंध १९७८ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. वास ओळखणाऱ्या ग्राहकांची, म्हणजे रिसेप्टर्सची, जनुकं जगाला सापडायला अजून १३ वर्षं होती.

१९८१ साली पीएच.डी. मिळवून रॉड्रिग्ज जर्मनीत ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत गेल्या. तिथे एरिख बुखनर यांच्याबरोबर त्यांनी केलेला प्रयोग आजही वाचताना आनंद देतो. काम करणाऱ्या मज्जापेशीला साखर जास्त लागते. मग चिलटाला किरणोत्सारी खूण असलेली साखर द्यायची आणि एकच वास दाखवत ठेवायचा. नंतर मेंदूचे पातळ काप काढून, खूण कुठे साठली ते बघायचं. चिलटाच्या मेंदूत शृंगिकांमधून येणारे मज्जातंतू जिथे उतरतात, तिथे छोट्या छोट्या गुंडाळ्या असतात. वास बदलला की उजळणाऱ्या गुंडाळ्याही बदलल्या. वासाला मेंदूत जागा असते, पत्ता असतो, याचा हा नकाशा १९८४ साली छापला गेला. टाचणीच्या डोक्याहून लहान मेंदूचे काप काढणाऱ्या हातांची कल्पना करावी, म्हणजे या कामाची किंमत कळते.

चिलटाकडून माणसाकडे

१९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी उंदरांच्या जातकुळीतल्या घुशीत वासग्राहक जनुकांचं प्रचंड कुटुंब शोधलं. २००४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. माणसात अशी चालू स्थितीतली जनुकं सुमारे ४०० आहेत, उंदरात हजारावर. चिलटात साठेक. चिलटाची जनुकं १९९९ साली सापडली तेव्हा ती सस्तन प्राण्यांच्या कुटुंबातली नव्हतीच. तरीही मांडणीचं तत्त्व तेच निघालं: एका पेशीवर साधारण एकाच प्रकारचे ग्राहक, एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे तंतू मेंदूतल्या एकाच गुंडाळीत, आणि प्रत्येक वास म्हणजे अशा अनेक गुंडाळ्यांची एक जुळणी. आपल्या नाकाच्या छपराशी, चाळणीसारखी भोकं असलेल्या हाडातून हे तंतू वर जातात आणि थेट भावना व स्मृतीच्या भागांना भिडतात.

४०० ग्राहकांत लाखो वास कसे बसतात, याचं उत्तर या जुळणीत आहे. आणि जुळणीचा हिशेब आपल्याला नवा नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’च्या गंधयुक्ती प्रकरणात १६ सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १,८२० प्रकार सांगितले, आणि प्रमाण बदललं तर ते १,७४,७२० पर्यंत जातात असं मोजून दाखवलं. ही परंपरा मराठीपर्यंत आलेली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीका असलेला ‘गंधवाद’ या हस्तलिखितांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. सुगंधांच्या पाककृतींवर मराठीत टीका लिहावीशी वाटणारा कुणीतरी काही शतकांपूर्वी होता.

पाश्चात्त्य विज्ञानाने मात्र माणसाचं नाक फार काळ हलकं लेखलं. एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका यांनी मेंदूतल्या वासाच्या भागाचा तुलनेने लहान आकार पाहून माणसाला जणू नाक-गरीब प्राण्यांत टाकलं. हा समज चुकीचा आहे, हे जॉन मॅकगॅन यांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये सविस्तर मांडलं. त्याआधी २००७ साली बर्कलीत डोळे-कान झाकलेल्या माणसांना गवतातला चॉकलेटचा माग गुडघ्यांवर रांगत काढायला लावलं, तेव्हा दोन-तृतीयांश लोकांनी तो काढला, आणि सरावाने त्यांचा वेगही वाढला.

शिवाय प्रत्येकाचं नाक वेगळं. कुणाला कोथिंबीर साबणासारखी लागते, त्याचा संबंध एका वासग्राहक जनुकाशी जोडला गेला आहे. पंगतीत कोथिंबीर बाजूला सारणारा पाहुणा नखरे करतो असं म्हणण्याआधी हे आठवावं.

सवयीचा वास

रॉड्रिग्ज जर्मनीतून टीआयएफआरला परतल्या, पुढे तिथल्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि नंतर सिद्दिकींनीच उभ्या केलेल्या बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेल्या. शेवटच्या वर्षांत त्यांचा एक प्रश्न होता तो नेमका आपल्या चेंबरमधल्या कामगाराचा: रोजचा वास विरतो कसा?

चिलटांना चार दिवस एकाच वासात ठेवलं. आधी ती त्या वासापासून दूर पळत असत, नंतर फारशी पळेनात. दुसऱ्या वासाला मात्र पूर्वीसारखीच दाद देत. काही दिवस मोकळ्या हवेत ठेवल्यावर पहिली सवय सुटली. म्हणजे थकवा नाही, बिघाडही नाही. मेंदूतल्या दाबून धरणाऱ्या पेशी नेमक्या त्या वासाच्या गुंडाळीवर आपली पकड घट्ट करतात आणि तिचा आवाज खाली आणतात. सवय म्हणजे न शिकणं नव्हे, ‘याकडे लक्ष द्यायची गरज नाही’ हे शिकणं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले मणी रामस्वामी आणि रॉड्रिग्ज यांच्या गटांचं हे काम २०११ साली प्रसिद्ध झालं. ते छापून आलेलं पाहायला रॉड्रिग्ज नव्हत्या. १० नोव्हेंबर २०१० रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी त्या गेल्या.

पुण्यातलं यंत्र

माणसाच्या नाकावरचं काम आज मराठी मुलखात चालू आहे ते पुण्याच्या आयसरमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेत. तेही उंदरांच्या वाटेने इथवर आले. २००४ साली हायडेलबर्गमधल्या त्यांच्या प्रयोगांत उंदीर दोन साधे वास सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास वेगळे ओळखत, पण एकमेकांच्या जवळची मिश्रणं दिली की थोडा जास्त वेळ घेत. त्या साध्या वासांत एक होता अमाइल अॅसिटेट, आपल्या केळीच्या रेणूचा सख्खा भाऊ.

२०२० साली करोना आला आणि वास हा विषय एकदम घराघरांत पोहोचला. चहाचा वास गेला, फोडणीचा गेला, आणि लोक घाबरले. विषाणूचा घाव मुख्यतः वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर होतो, हे नंतर कळत गेलं. आयसरच्या गटाने पुण्यातल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांबरोबर एक यंत्र वापरलं, जे ठरावीक वासाची ठरावीक मात्रा ठरावीक वेळ नाकाशी आणून देतं. लक्षणं नसलेल्या बाधितांपैकी बहुतेकांची वासाची क्षमता उतरलेली निघाली, आणि त्यातल्या फार थोड्यांना त्याचा स्वतःला पत्ता होता. डोळ्याचा नंबर वाढला की माणूस चष्मेवाल्याकडे जातो, नाक अर्धं गेलं तरी त्याला कळत नाही. पार्किन्सनच्या आजारात हात थरथरण्याच्या कितीतरी आधी वास कमी होऊ लागतो, हे लक्षात घेतलं तर या न कळण्याची किंमत मोठी आहे.

पुढचं काम इथलं आहे

नाक तपासायच्या प्रसिद्ध कसोट्या परदेशी आहेत. अमेरिकेत १९८४ साली रिचर्ड डोटी यांनी बनवलेली ४० वासांची खरवडून हुंगायची पुस्तिका, आणि जर्मनीतल्या वासाच्या पेनांची पेटी. केळं दोन्हींत आहे. पण पुस्तिकेत रूट बिअर आहे, शेपूच्या पाल्यात मुरवलेल्या काकडीचं लोणचं आहे. निमाडच्या आजीला हे वास ओळखता आले नाहीत तर दोष तिच्या नाकाचा नव्हे, प्रश्नपत्रिकेचा. दिल्लीच्या न्यूरोलॉजिस्टांनी भारतीय वासांची एक कसोटी बनवून पार्किन्सनच्या रुग्णांवर वापरली आहे. पण भारत म्हणजे एक स्वयंपाकघर नव्हे. इथे हिंग, मोहाची फुलं, अंबाडी, ओल्या मातीचा वास, किनारपट्टीवर नारळ आणि सुकी मासळी.

बऱ्हाणपूरच्या एखाद्या मुलीला या शास्त्रात जायचं असेल तर वाट आता अवघड राहिलेली नाही. बारावीनंतर आयसरची प्रवेश परीक्षा आहे. भोपाळला आयसर आहे, पुण्याला आहे, आणि दोन्हीकडे जाणाऱ्या गाड्या तिच्या गावावरून जातात. जीवशास्त्राइतकंच भौतिकी, रसायन आणि संख्याशास्त्र लागेल, कारण वास घेणारं यंत्र नळ्या-झडपांनी बनतं आणि निष्कर्ष आकड्यांनी. पण प्रश्नांसाठी तिला बाहेर जायची गरज नाही. वर्षानुवर्षं चेंबरमध्ये काम केलेल्यांचं नाक केळीपुरतं बोथट होतं, की पिकलेल्या आणि अतिपिकलेल्या घडातला फरक ते इतरांपेक्षा आधी ओळखतं? सुट्टीच्या आठवड्यानंतर तो वास परत येतो का? दिवसभर यंत्रमागाच्या धुळीत बसणाऱ्याच्या नाकाचं काय होतं? यातला प्रत्येक प्रश्न एम.एस्सी.च्या प्रबंधाला पुरेल, आणि त्याची उत्तरं कुलाब्याच्या किंवा बर्कलीच्या प्रयोगशाळेत मिळणारी नाहीत. रॉड्रिग्ज यांनी चिलटांसाठी फाट्याची नळी केली. इथल्या माणसांसाठी इथल्या वासांची कसोटी कुणीतरी करायला हवी, आणि ते काम इथे वाढलेल्यालाच नीट जमेल.